दादांच्या खांद्यावरचा हात

वहिनी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हाच बाहेरच्या खोलीची भिंत विमानांच्या फोटोंनी भरलेली होती. वहिनींना वाटलं, जातील हळूहळू. माणसाच्या मोठमोठ्या सवयी जातात, फोटोंचं काय घेऊन बसलात! पण फोटो कसले जातात, ते वाढले. आधी बोळ भरला, मग झोपायच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर डोक्याशी, एक करड्या रंगाचं लढाऊ विमान येऊन बसलं. नाक खाली, शेपटी वर. सकाळी डोळा उघडला की वहिनींना आधी त्याचं पोट दिसायचं. त्या सगळ्या घरात वहिनींचा फोटो म्हणाल तर एकच, तोही कपाटातल्या ओळखपत्रावर.

बाकी दादांना, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, नावं ठेवायला जागा नव्हती. छापखान्यात मशीनवर काम करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. पिणं नाही, पत्ते नाहीत, उधळपट्टी नाही. सुट्टी आली की कॅमेरा खांद्याला लावायचा आणि लष्कराच्या हवाई तळाच्या कुंपणाशी जाऊन दिवसभर उभं राहायचं, एवढंच. शेजारच्या बायका म्हणायच्या, "वहिनी, नशीब काढलंत हो!" वहिनी वरून हसायच्या आणि आतून जळायच्या. कारण वहिनींचा स्वभावच जळका, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. शेजारणीच्या कुंडीत फूल आलं की यांच्या पोटात दुखणार. बहिणीने नवे पडदे घेतले की यांना आपले पडदे चिंध्या वाटणार. पण ते दुखणं चहाच्या एका कपाबरोबर उतरायचं. नवऱ्याच्या बाबतीतलं काही केल्या उतरत नव्हतं.

वहिनी कामाला होत्या चष्म्याच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, कानामागे टोचत असेल तर काडी गरम करून वाकवायची, अक्षरांच्या पाटीसमोर खुर्चीत बसवून खालची ओळ वाचायला लावायची. आता गंमत बघा, त्या खुर्चीत बसला की भलाभला माणूस खोटं बोलतो. दिसत नसतं, पण कबूल करायचं जिवावर येतं. मग कोणी अंदाजाने ठोकून देतो, कोणी आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून पाठ म्हणतो. वहिनींपुढे कोणाची डाळ शिजायची नाही. "काका, झकास म्हटलंत. आता तीच ओळ उलटी वाचा बरं," असं म्हणाल्या की काका खजील. दुकानाचा मालक सांगायचा, आमच्या बाईंसमोर डोळा खोटं बोलू शकत नाही. वहिनींना ते ऐकायला फार आवडायचं.

घरी मात्र वहिनींना एकच माणूस हाताळता येत नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारावी, उत्तर नाही. गाडीत शेजारी बसून जाऊबाईंनी काय टोमणा मारला ते रंगवून सांगावं, आणि दादा रस्त्याकडे बघत गप्प. "अहो, मी भिंतीशी बोलतेय का?" म्हटलं की दचकून "हो हो, बरोबर आहे तिचं," असं भलतंच. आणि घरावरून एखादं विमान कमी उंचीने खिडक्या हादरवत गेलं की हाच माणूस ताटावरून उठून गच्चीवर! वहिनींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायकोला कान नाहीत, विमानाला आहेत, असा त्यांनी सरळ हिशोब लावला होता.

त्यात गेल्या वर्षापासून एक नवं खूळ आलं होतं. टपालवाली.

ही बाई टपाल वाटायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी त्याच कुंपणाशी विमानांचे फोटो काढायला यायची. दादांच्या बोलण्यात तिचं नाव मिठासारखं, म्हणजे प्रत्येक गोष्टीत थोडं थोडं. टपालवाली म्हणाली दुपारनंतर ढग निघतील. टपालवालीला आवाजावरून विमान ओळखता येतं, बघण्याआधी सांगते. टपालवालीचं म्हणणं, उन्हाची वाफ वर यायच्या आत काय ते काढून घ्यावं. "तुमच्या त्या टपालवालीला घरदार नाही का?" असं वहिनींनी एकदा विचारलंही. दादांनी अगदी भाबडेपणाने उत्तर दिलं, "एकटीच असते ती. फार समजूतदार बाई आहे." झालं! समजूतदार हा शब्द लग्नानंतर दादांनी वहिनींसाठी कधी वापरल्याचं त्यांना आठवेना, आणि त्यांनी आठवून बघितलं नाही असंही नाही.

आगीत तेल ओतायला धाकटी जाऊ होतीच. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी काही म्हणत नाही हो वहिनी. भावजी देवमाणूस आहेत. पण दिवसभर उन्हात कुंपणाला चिकटून उभं राहायचं म्हणजे ते विमानासाठीच, हे आपण आपलं धरून चालायचं, नाही का?" आणि काही म्हणत नाही म्हणत ती एवढं म्हणून गेली. वहिनींनी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही आणि दादांना चव विचारलीही नाही.

हवाई तळाचं फाटक वर्षातून एकदा या हौशी फोटोवाल्यांसाठी उघडायचं. कुंपणाबाहेरून वर्षभर गजांमधून डोकावणाऱ्या लोकांना त्या दिवशी आत, अगदी धावपट्टीच्या कडेच्या गवतापर्यंत जाऊ द्यायचे. यंदाचा दिवस आणखी मोठा होता. दादा आणि त्यांचे सोबती ज्या विमानाला म्हातारी म्हणायचे, त्या जुन्या जातीचं शेवटचं उडतं विमान त्या दिवशी धावपट्टीवरून एकदाच, अगदी कमी उंचीने जाणार होतं आणि तिथून थेट दूरच्या संग्रहालयाकडे. पुन्हा कधीच नाही. दादांनी म्हातारीच्या सगळ्या बहिणींचे फोटो काढले होते. हिचा मात्र दरवेळी काहीतरी घोळ व्हायचा, कधी धुकं, कधी समोरून डोळ्यांवर ऊन. आठवडाभर दादा भिंग पुसत होते आणि स्वतःशीच हसत होते.

"मी पण येणार," वहिनी म्हणाल्या.

दादांचं पुसणं थांबलं. "तू? तिथे फार ऊन असतं गं."

"मी काही लोण्याची नाही."

"दिवसभर उभं राहावं लागतं."

"मग दुकानात काय मी लोळत असते?"

"कंटाळशील तू. जेवायला काही धड नसतं, आवाज तर असा की..." दादा बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा पार उतरला. तो उतरलेला चेहरा वहिनींनी बघितला, आणि जाऊबाईंचं बोलणं त्यांच्या मनात घट्ट बसलं. काहीतरी आहे खास, नाहीतर बायको येते म्हटल्यावर नवऱ्याचं तोंड असं कशाला होईल?

वहिनींनी ठेवणीतले कपडे काढले. नवे बूट घातले, जे चालण्यासाठी नव्हतेच. अत्तर लावलं. विमानं बघायला निघालेली बाई अत्तर कशाला लावते, हे दादांनी विचारलं नाही, आणि त्याचाही राग आलाच.

पहाटे फाटकाशी रांग होती. सैनिकांनी पिशव्या उघडून बघितल्या, ओळखपत्रं तपासली आणि सगळ्यांना बसमध्ये घालून गवतावर आणून सोडलं. समोर दोरखंड बांधलेला, त्याच्यापुढे जायचं नाही. वहिनींनी बघितलं तर पोरांपासून पिकल्या केसांच्या माणसांपर्यंत सगळे टोप्या उलट्या करून, हातभर लांब भिंगं घेऊन दोरीशी जागा धरायला पळत होते. या लोकांचा कायदा असा की सकाळी दोरीशी जी जागा धरली ती दिवसभर तुमची. मध्ये चहा पिऊन या, कोणी घुसणार नाही. दादांनी आपली जागा धरली. आणि त्यांच्या डाव्या हाताला, किंचित मागे, कोणी न सांगता, जणू ठरल्यासारखी, एक बाई येऊन उभी राहिली.

वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नाक उन्हाने सोललेलं, केस कात्रीने घरीच कापल्यासारखे, अंगात खिशांचं पुरुषी जाकीट, पायात धुळीने माखलेले बूट. देखणी असती तर समजूत तरी घालता आली असती. हिच्यात काय बघितलं यांनी? वहिनी जास्तच दुखावल्या.

"वहिनी ना?" टपालवाली तोंडभर हसली. "या या! फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

"मीही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी हसायचं टाळलं.

दादांनी खिशातून रबरी बोळा काढून उजव्या कानात घट्ट बसवला. आजूबाजूला बऱ्याच जणांनी घातले होते, त्यामुळे वहिनींना त्यात वावगं वाटलं नाही. दादांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि मग ते सुरू झालं.

टपालवालीने हात उचलला आणि दादांच्या डाव्या खांद्यावर टपकन मारला. दादा डावीकडे वळले, विमान आलं, कॅमेरा खटखटला, विमान गेलं. थोड्या वेळाने पुन्हा हात. या वेळी तो पाठीवरून पलीकडे, उजव्या खांद्यापर्यंत गेला. पाठीवरून! दादा उजवीकडे वळले. फोटो झाल्यावर त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, तिने अंगठा दाखवला. एक शब्द नाही. वहिनी बाजूला नव्या बुटांत उभ्या होत्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आपण नवऱ्याला हाका मारमारून घसा कोरडा करायचा आणि हिने नुसतं बोट लावलं की हा वळणार? सकाळभर तो हात वर जात होता, खाली येत होता. किती विमानं आली ते वहिनींना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात किती वेळा पडला ते मात्र बरोबर सांगितलं असतं.

मधल्या सुट्टीत टपालवाली नळावर बाटली भरायला गेली. वहिनी तिच्या मागोमाग.

"जरा इकडे या," वहिनी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

टपालवालीला प्रश्नाचा रोख कळलाच नाही. "त्यांनीच," ती म्हणाली.

"त्यांनीच!"

"मग? त्याशिवाय त्यांना कळणार कसं, विमान कुठून येतंय ते? डावा कान तर गेलाच. उजवा जपायचा म्हणून डॉक्टरांनी इथे आलं की बोळा घालायला लावलाय. म्हणजे इथे ते ठार बहिरेच की. डावीकडून आलं तर डावा खांदा, उजवीकडून आलं तर उजवा, असं आम्ही ठरवून..." तिचं लक्ष वहिनींच्या चेहऱ्याकडे गेलं. बाटली भरून वाहायला लागली. "वहिनी? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक आहे तर!" वहिनी ताडकन म्हणाल्या. "माझा नवरा आहे तो. मला ठाऊक नसेल?"

"हां, तेच म्हटलं." टपालवालीने सुटकेचा श्वास सोडला. "गेल्या वर्षी मला सांगितलं ना, तेव्हा फार रडले हो. छापखान्याच्या मशीनने घेतला म्हणाले कान. मी म्हटलं, घरी बोललात का? तर काही बोललेच नाहीत. बरं झालं सांगितलं ते."

ती गेली. वहिनी नळाशी उभ्या राहिल्या. डोक्यात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. रस्त्याने चालताना दादा नेहमी त्यांच्या डाव्या हाताला सरकायचे, म्हणजे दादांचा उजवा कान वहिनींकडे. वहिनींना वाटायचं, खोड आहे माणसाची. गाडीत मात्र त्या दादांच्या डावीकडे बसायच्या, आणि तिथेच दादा गप्प. मोठ्याने लावलेला टीव्ही. भलतीच उत्तरं. सगळ्या गावाचे डोळे तपासणाऱ्या बाईला शेजारच्या उशीवरचा कान दिसला नव्हता!

कोणाला वाटेल, आता वहिनींचा राग पळाला असेल, डोळ्यांत पाणी आलं असेल. छे! पाणी आलं, पण रागाचंच. बहिरे झालात, ठीक आहे, होतं माणसाचं. पण सांगितलं कोणाला? तिला. रडलात कोणापुढे? तिच्यापुढे. संसार इकडे, आणि रडायला कुंपणाशी! खांद्यावर हात टाकला असता नुसता, तर एक वेळ परवडलं असतं. हे त्याहून वाईट होतं. वहिनींनी नळाखाली तोंड धुतलं, अत्तर बित्तर सगळं गेलं, आणि त्या तरातरा दोरीपाशी आल्या.

"तुम्ही बसा आता तुमच्या त्या घडीच्या खुर्चीत," त्या टपालवालीला म्हणाल्या. "मी आहे."

टपालवाली घुटमळली. "बसते ना. फक्त एक सांगू का? ती जोरात येणारी असतात ना, त्यांच्या आवाजाकडे..."

"काही सांगू नका. यांच्याबरोबर इतकी वर्षं मी काढली आहेत."

"नाही, पण म्हातारी येईल तेव्हा..."

"बसा म्हटलं ना!"

टपालवाली बसली. आपल्या कॅमेऱ्याशी चाळा करत राहिली.

वहिनी दादांच्या डाव्या हाताला, किंचित मागे, उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने डावीकडून घरघर ऐकू आली. वहिनींनी बघितलं, हेलिकॉप्टर. त्यांनी दादांच्या डाव्या खांद्यावर हात मारला. अंमळ जोरातच बसला. दादा वळले, आणि कॅमेऱ्यातून न बघता आधी मागे बघितलं. तिथे टपालवाली नव्हती, बायको होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दादांना कळलं की हिला कळलंय. कानात बोळा, वर हेलिकॉप्टर, बोलणार काय? वहिनींनी डोळ्यांनीच दटावलं, बघा समोर. दादांनी डोळा कॅमेऱ्याला लावला.

हेलिकॉप्टर मिळालं. मग उजवीकडून चार पंख्यांचं जाडजूड मालवाहू आलं. वहिनींनी पाठीवरून हात नेऊन उजव्या खांद्यावर मारला, तेही मिळालं. दादांनी मान हलवली. वहिनींनी हळूच खुर्चीकडे नजर टाकली, टपालवाली बघतेय ना ते बघायला. बघत होती. त्यात एवढं काय आहे, वहिनींच्या मनात आलं. आवाज आला की वळायचं, दिसलं की मारायचं. यासाठी समजूतदार बाई कशाला लागते?

मग भोंग्यावरून सांगितलं, म्हातारी येतेय. दोरीशी उभी असलेली सगळी माणसं एकदम सरळ झाली. गप्पा थांबल्या. दादांना भोंगा ऐकू आला नाही, पण शेजाऱ्यांचे खांदे ताठ झालेले बघून त्यांना कळलं. त्यांनी पाय रोवले. वहिनींना त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसली. एक माणूस एका गोष्टीसाठी किती वर्षं थांबतो, ते त्या शिरेत दिसत होतं. वहिनींनी हात वर धरून ठेवला आणि कान टवकारले.

काहीच नाही. वारा, गवत. मग एकदम डावीकडून आवाज फाटला. वहिनींनी मान डावीकडे टाकली. आवाज तिथेच होता, छाती हादरवणारा, पण आभाळ रिकामं. कुठे आहे? आवाज तर इथूनच येतोय! त्या डोळे फाडून आवाजात विमान शोधत राहिल्या.

"वहिनी, पुढे बघा, पुढे!" टपालवाली खुर्चीवरून उठून ओरडली.

वहिनींनी डाव्या खांद्यावरच हात मारला. दादा डावीकडे वळले आणि त्यांना तिथे तेच रिकामं आभाळ मिळालं. म्हातारी केव्हाच समोरून जाऊन उजवीकडे पोहोचली होती, आपला आवाज मागे टाकून. इतक्या वेगाने जाणारी विमानं तशीच जातात, आवाजात सापडत नाहीत, आवाजाच्या पुढे शोधावी लागतात. दादांनी कॅमेरा गर्रकन फिरवला, खटखट झाली, पण तोवर तिने नाक वर केलं होतं. एक ठिपका झाला. मग तोही नाही. लोक टाळ्या वाजवत होते, एक जाडा गृहस्थ तर चक्क डोळे पुसत होता.

दादांनी कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा बघितला. थोडा जास्त वेळ बघितला. मग बोळा काढला आणि वहिनींकडे वळून हसले. "मिळाली," ते म्हणाले. "झकास मिळाली."

"बघू?"

"घरी मोठी करून दाखवतो ना." आणि त्यांनी कॅमेरा बंद करून पिशवीत घातला. पिशवीची चेन ओढताना त्यांची नजर खुर्चीकडे गेली. टपालवालीने भुवया उचलून विचारलं. दादांनी मान हलवली, अगदी एवढीशी. नाही.

दिवसभर डोळे तपासणाऱ्या बाईपासून ती एवढीशी मान सुटणार होती होय! वहिनींनी ती टिपली. पुन्हा तेच. तिला खरं, मला गोड.

गाडीपर्यंत त्या दादांच्या चार पावलं पुढे चालल्या. बूट चावत होते. गाडीत नेहमीसारख्या दादांच्या डावीकडे बसल्या, दादांनी किल्ली फिरवली, आणि वहिनी म्हणाल्या, "खोटं बोललात."

दादा काच पुसत होते. ऐकू गेलं नाही.

वहिनी खाली उतरल्या. गाडीला पुढून वळसा घालून दादांच्या बाजूच्या खिडकीशी आल्या, काच खाली करायला लावली आणि उजव्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मिळाली का म्हातारी?"

"म्हटलं ना, मिळाली."

"अहो, माझ्यासमोर रोज छप्पन्न माणसं खोटं बोलतात. मिळाली का?"

दादांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "नाही मिळाली! नुसतं आभाळ आलं, आभाळ! उशीर केलास तू. आवाजाकडे कशाला बघत बसलीस? ती बाई तुला सांगत होती ना? ऐकायचं नाही कोणाचं! वाट लावलीस पार. ती एकदाच येणार होती, आता परत नाही. टपालवालीने एकदासुद्धा उशीर केला नव्हता, एकदासुद्धा!"

शेवटचं वाक्य वहिनींना लागलं. चांगलं खोलवर लागलं. पण बाकीचं त्या तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तसं ऐकत होत्या. लग्नात इतकी वर्षं हा माणूस त्यांच्यावर कधी ओरडला नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्यही त्या घरात नवंच. "कानाचं मला का नाही सांगितलं?"

दादांचा आवाज खाली आला. "तू दिवसभर लोकांमधलं काय काय गेलंय ते शोधतेस. आल्यावर घरी तरी एक माणूस धड असावा, असं वाटलं."

"तिला सांगितलंत."

"ती परकी आहे गं. परक्याला सांगितलं तर काय फरक पडतो?"

वहिनींनी दारावरचा हात काढला नाही. "आणखी काय राहिलंय सांगायचं? आत्ताच सांगा. मी काही इथून हलत नाही."

मागची गाडी भोंगा वाजवून बाजूने निघून गेली.

"उजवाही चाललाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, बोळे घाला नाहीतर आणखी काही घाला, तो काही टिकत नाही. वर्ष म्हणा, त्याहून कमी म्हणा."

वहिनींच्या तोंडून जे पहिलं निघालं ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना. "हे तिला सांगितलंय?"

"नाही. कोणालाच नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

आणि वहिनींच्या मनाने उडी मारली. लाज वाटावी, पण मारली. दिवसभर, वर्षभर, लग्नापासून त्या ज्याच्यासाठी जळत होत्या ते आज त्यांना मिळालं होतं. त्या फोटोंच्या आधी, टपालवालीच्या आधी, सगळ्यांच्या आधी. मग हाती काय आलंय ते त्यांना कळलं.

त्या खाली वाकल्या. दादांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. जाऊबाई काय म्हणाली होती ते. दुकानात काल एका म्हाताऱ्याने उलटी ओळ वाचताना काय गंमत केली ते. पलंगाच्या डोक्याशी असलेलं विमान आपल्याला पहिल्या दिवसापासून कसं डोळ्यांसमोर नको होतं ते. अत्तर कशासाठी लावलं होतं ते. एक संपायच्या आत दुसरं, दुसरं संपायच्या आत तिसरं, श्वास घ्यायलाही थांबेनात.

"अगं, घरी जाऊन बोल ना," दादा म्हणाले. "लोक बघतायत."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच ऐका."